मधली पायरी: एका संस्थेची वाटचाल

झांबियात १९६०च्या दशकाच्या अखेरीस कोंबड्या होत्या, अंडी होती, अंडी घेणारी गिऱ्हाइकंही होती. नव्हते ते ट्रे. आपल्याकडे अंडेवाल्याच्या सायकलवर चळतीनं बांधलेले दिसतात ना, तसे कागदाच्या लगद्याचे खळगेवाले ट्रे. ते बाहेरून यायचे, आणि आले नाहीत की अंडी गावातच अडकायची. मग देशातच ट्रे करावेत म्हणून चौकशी झाली. यंत्र बनवणाऱ्या युरोपातल्या कंपनीनं कळवलं की आमचं सर्वांत लहान यंत्र महिन्याला दहा लाख ट्रे काढतं. झांबियाची गरज होती वर्षाला दहा लाखांची. म्हणजे जानेवारीत यंत्र चालवायचं आणि उरलेले अकरा महिने त्याच्यावर चादर घालून ठेवायची.

कंपनीनं कुणाला फसवलं नव्हतं. तिच्या जगात त्याहून लहान यंत्राला गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून ते कुणी आखलंही नव्हतं. लंडनमधल्या एका लहानशा मंडळानं हे काम अंगावर घेतलं. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ट्रेचा आकार नव्यानं आखला गेला, एका ब्रिटिश विद्यापीठातल्या अभियंत्यांनी यंत्र जुळवलं, आणि मोठ्या यंत्राच्या किमतीच्या मानानं किरकोळ पैशांत लहान देशाला पुरेल एवढा कारखाना उभा राहू शकतो हे दाखवून दिलं. त्या मंडळाचं नाव मात्र लांबलचक होतं: इंटरमीडिएट टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट ग्रुप. आद्याक्षरांत आयटीडीजी. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था आज प्रॅक्टिकल अ‍ॅक्शन या नावानं ओळखली जाते. तिची गोष्ट मराठीत सांगायला एक कारण आहे. तिच्या मुळाशी गेलं की वाटेत पुणं लागतं, आणि जरा पुढे वर्धा.

संस्थेचा कर्ता पुरुष ई. एफ. शूमाखर. जन्म १९११चा, जर्मनीतल्या बॉनचा. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आला, पुढे नाझी राजवटीला कंटाळून इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून काही काळ नजरकैदेत गेला आणि मग शेतमजूर म्हणून राबला. अर्थशास्त्रज्ञाला नांगराच्या मागे चालायला लावणं हा त्या युद्धाचा एक अनपेक्षित फायदा म्हणायला हवा. १९५० ते १९७० अशी वीस वर्षं तो ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचा अर्थतज्ज्ञ होता. म्हणजे लहान यंत्राचा हा पुरस्कर्ता पगार घेत होता तो देशातल्या एका अवाढव्य सरकारी उद्योगाचा. १९५५मध्ये तो सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेला आणि तिथून परतला तो वेगळाच प्रश्न घेऊन: गरीब देशाला श्रीमंत देशाची यंत्रं जशीच्या तशी दिली तर नक्की काय होतं?

१९६१च्या जानेवारीत पुण्यात आर्थिक विकासाच्या वाटांवर एक आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरलं. शूमाखर भारतात आला तो त्यासाठी. भारतातली खेडी, तिथलं रिकामेपण, कामाविना बसलेली माणसं त्यानं पाहिली. पुढे जयप्रकाश नारायण यांच्याशी स्नेह जुळला आणि नियोजन आयोगापर्यंत त्याचं म्हणणं पोचलं. त्याची मांडणी सोपी होती. एका माणसाला काम देणारं साधन पारंपरिक खेड्यात, समजा, एक पौंडाचं असतं. कुदळ म्हणा, हातमाग म्हणा. पाश्चात्त्य कारखान्यात तेच हजार पौंडांचं असतं. एकावरून हजारावर उडी मारता येत नाही. मारली तर दोन-चार शहरांत कारखाने उभे राहतात आणि त्यांच्या झळाळीत एक पौंडाचं साधनही मरतं. मग शंभर पौंडांचं साधन का असू नये? कुदळ आणि ट्रॅक्टर यांच्यामधली पायरी.

ही कल्पना विद्वानांच्या पंगतीत सहज खपली नाही. १९६४च्या केंब्रिजच्या परिषदेत तिच्यावर बरीच टीका झाली. निकोलस काल्डॉर यांच्यासारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की गुंतवलेल्या दर पौंडामागे जास्त माल आधुनिक यंत्रच काढतं, मग गरीब देशानं कमी प्रतीचं यंत्र का घ्यावं? हा आक्षेप पोकळ नव्हता. पुढच्या साठ वर्षांचा हिशेब मांडला तर कोट्यवधी माणसं दारिद्र्यातून बाहेर आली ती मुख्यतः पूर्व आशियातल्या मोठ्या कारखान्यांच्या जोरावर. आयटीडीजीचं कौतुक करणाऱ्यांनी ही गोष्ट पदराआड लपवू नये.

पण त्याच वर्षी हैदराबादेत लघुउद्योगांवर झालेल्या परिषदेत एका मराठी अर्थशास्त्रज्ञानं या कल्पनेला हात दिला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. मधलं तंत्रज्ञान घडवायचं कसं, याच्या त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पारंपरिक धंद्यातलं तंत्र घ्यायचं आणि ते सुधारत वर न्यायचं. किंवा अगदी पुढारलेलं तंत्र घ्यायचं आणि ते आपल्या गरजेपुरतं खाली आणायचं. किंवा सरळ प्रयोगशाळेत बसून मधलंच नवं काहीतरी शोधायचं. शूमाखरनं आपल्या पुस्तकात ही मांडणी गाडगीळांच्या नावानिशी घेतली आहे. आयटीडीजीच्या पुढच्या कामांकडे पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक काम या तीनपैकी एका खणात बसतं, आणि पहिल्या खणातली कामं जास्त टिकलेली दिसतात.

वर्ध्याचा धागा याहून जुना. जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत १९३४पासून ग्रामोद्योग संघाचं काम मांडलं होतं. शूमाखरच्या बौद्ध अर्थशास्त्रावरच्या निबंधात कुमारप्पा भेटतात. त्याच्याही आधी, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. चांगला चरखा करून दाखवा! अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा देशात बनलेला हवा, किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघायला हवं, वीस वर्षं टिकायला हवा. आणि शेवटची मेख अशी की दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. किर्लोस्करवाडीत तयार झालेलं एक यंत्रही या शर्यतीत उतरलं होतं. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. ती दुरुस्तीची अट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्राच्या किमतीचा विचार शूमाखरनं मांडला. यंत्र मोडल्यावर काय, हा विचार चरखा संघानं पस्तीस वर्षं आधी कलम म्हणून लिहून ठेवला होता. आयटीडीजीला त्या कलमापर्यंत पोचायला बराच काळ लागला. किंबहुना तो काळ हीच तिची वाटचाल.

सुरुवात वर्तमानपत्रातून झाली. १९६५च्या ऑगस्टमध्ये शूमाखरचा लेख लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये आला आणि पत्रांचा पाऊस पडला. कोळसा मंडळातला सहकारी जॉर्ज मॅक्रॉबी आणि ज्युलिया पोर्टर यांना बरोबर घेऊन पुढच्या वर्षी मंडळ स्थापन झालं. पहिलं काम यादी करण्याचं. हातानं किंवा जनावरानं चालणारी, लहान आकाराची कोणती अवजारं ब्रिटनमध्ये अजून बनतात, हे शोधून त्यांनी 'टूल्स फॉर प्रोग्रेस' नावाचं सूचिपुस्तक काढलं. गंमत म्हणजे ज्या देशातून औद्योगिक क्रांती निघाली, तिथेच लहान अवजारं बनवणारे कारखानदार शोधायला दुर्बीण लागत होती.

मग आली पॅनेलं. पाणी, शेती, बांधकाम, ऊर्जा अशा विषयांवर अभियंते, प्राध्यापक, निवृत्त सरकारी अधिकारी संध्याकाळी एकत्र बसत. बिनपगारी. पाण्याच्या पॅनेलनं बोत्स्वानासारख्या कोरड्या भागात पावसाचं पाणी साठवण्याची टाकी आखली. जमिनीत खड्डा, त्याला प्लास्टिकच्या लांब नळ्यांत भरलेल्या वाळू-सिमेंटच्या वळकट्यांचं अस्तर. शाळेच्या अंगणात पोरांच्या मदतीनं बांधता येईल अशी. सल्ला मागणारी पत्रं यायची: माझ्या गावात अमुक माती आहे, विटा कशा भाजू? संस्था उत्तर पाठवायची. हा पत्रव्यवहाराचा विभाग पुढे अनेक दशकं चालला, आणि माझ्या मते संस्थेचं ते सर्वांत कमी गाजलेलं, तरीही सर्वांत प्रामाणिक काम होतं. कारण तिथे प्रश्न समोरच्याचा होता.

१९७३ साली 'स्मॉल इज ब्युटिफुल' आलं आणि शूमाखर एकदम जगाचा गुरू झाला. तेलसंकटही त्याच वर्षाचं, त्यामुळे पुस्तकाला मुहूर्त बरा लाभला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्याच्या व्याख्यानांना गर्दी लोटू लागली. संस्थेनं आपलं नियतकालिक सुरू केलं, प्रकाशन विभाग वाढला. १९७७च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेनं जात असताना शूमाखरचा मृत्यू झाला. तोवर संस्थेचं वय अकरा वर्षं. घोषणा जगभर गेली होती, यंत्रं अजून जायची होती.

त्यातलं एक मोठं पाऊल लखनौत पडलं. शूमाखरचे भारतीय सहकारी मन्सूर होडा मायदेशी परतले आणि १९७६ साली त्यांनी समुचित तंत्रज्ञानाची एक संस्था तिथे उभी केली. छोटे सिमेंट कारखाने, आणि मुख्य म्हणजे छोटी साखर. मोठ्या कारखान्यात उसाचा रस निर्वात भांड्यांत, कमी तापमानाला आटवतात. छोट्या कारखान्यात तो उघड्या कढयांत आटवायचा, गुऱ्हाळासारखा, आणि मग साखर वेगळी काढायची. भांडवल कमी, हातांना काम जास्त. उत्तर प्रदेशात असे बरेच कारखाने निघाले. पण उघड्या कढईत साखर जळते, मळीत जास्त जाते, उतारा मोठ्या कारखान्यापेक्षा कमीच पडतो. सरकारी सवलत होती तोवर गणित जुळत होतं.

इथे मराठी वाचकाला प्रवरानगर आठवल्यावाचून राहणार नाही. मधल्या पायरीच्या तीन वाटा सांगणारे गाडगीळ त्याआधी विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. तिथे यंत्र लहान केलं नाही. यंत्र मोठंच, हजार पौंडांचं, पण मालकी शेअर्स घेतलेल्या शेतकऱ्यांमध्ये वाटली. लखनौनं यंत्राचा आकार बदलला, प्रवरानगरनं मालकीचा. पुढे सहकारात काय काय शिरलं ते आपण जाणतोच, तो या लेखाचा विषय नाही. पण तंत्रज्ञान गरिबाच्या आवाक्यात आणायला ते स्वस्तच करावं लागतं असं नाही, हे उत्तर गाडगीळांना ठाऊक होतं. लंडनच्या पॅनेलांना ते उशिरा उमगलं.

आयटीडीजीच्या बाहेर, पण तिच्याच काळात घडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हापशाची. दुष्काळी भागात कातळ फोडणारी यंत्रं आली, विंधनविहिरी झाल्या, त्यांच्यावर बिडाचे हातपंप बसले. ते पंप मुळात एका कुटुंबापुरते. त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडलं तर टिकतील कसे? १९७०च्या दशकाच्या मध्याला युनिसेफनं पाहणी केली तेव्हा बहुसंख्य पंप बंद पडलेले आढळले. जे चालत होते त्यांत जालना आणि सोलापूर इथल्या कार्यशाळांत घडलेले पोलादी पंप उठून दिसत. सोलापूरच्या पंपाचा दांडा खालची सळई साखळीनं ओढायचा, त्यामुळे ती सरळ वर-खाली जायची, वाकडी घासायची नाही. तोच नमुना घेऊन मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास कारखान्यानं नवे पंप बनवले, कोइमतूर भागात त्यांची कसोटी झाली आणि 'इंडिया मार्क टू' जन्मला. आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत आज तोच उभा आहे. लहानपणी त्याच्या दांड्याला लोंबकळताना झाकणाच्या आतून येणारा साखळीचा खडखडाट ऐकला नाही असा खेड्यातला माणूस विरळा. ती साखळी सोलापूरची.

मार्क टूनं अभियंत्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, भक्कम यंत्रालाही माणूस लागतो; तमिळनाडूत गावचा राखणदार, तालुक्याचा मेकॅनिक आणि जिल्ह्याची गाडी अशी तीन थरांची व्यवस्था बसवावी लागली. दोन, गाडी यायला महिना लागत असेल तर गावालाच पाना हातात धरता यायला हवा. म्हणून पुढचा मार्क थ्री असा केला की वरचे पाइप न काढता खालचे भाग ओढून घेता येतात. वॉशर बदलायला ट्रक लागू नये एवढंच त्यामागचं शहाणपण. या अनुभवावरचा बराच मजकूर आयटीडीजीच्या 'वॉटरलाइन्स' या पाण्याला वाहिलेल्या नियतकालिकातून १९८२पासून जगभरच्या इंजिनिअरांपर्यंत जात राहिला.

श्रीलंकेत संस्थेनं हेच विजेच्या बाबतीत अनुभवलं. तिथल्या चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून ओढ्यांवर छोटी जलविद्युत यंत्रं होती. तारेची वीज आली तशी ती गंजत पडली. तेल महागल्यावर त्यांची आठवण झाली, आणि आयटीडीजीचे अभियंते ती पुन्हा चालू करायला गेले. अडचण होती ती वेग सांभाळण्याची. ओढ्याचं पाणी एकाच जोरानं येतं, पण रात्री गावानं दिवे मालवले की जनित्रावरचं ओझं उतरतं आणि ते भरधाव सुटतं. दिवा जातो, पट्टा जातो. मोठ्या केंद्रात पाण्याची झडप आपोआप आवळणारं यंत्र असतं, पण ते महाग आणि नाजूक. यावरचा तोडगा सोपा होता. पाण्याला हात लावायचाच नाही. जनित्र कायम पूर्ण भारावर चालवायचं, आणि गावाला नको असलेली वीज इलेक्ट्रॉनिक खोक्यानं पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवायची. वीज फुकट गेली तर जाऊ दे, ओढा फुकटच वाहतोय. पुढे साधी इंडक्शन मोटर उलटी फिरवून तिलाच जनित्र करण्याची युक्ती रुळली, म्हणजे बिघडली तर तालुक्याच्या गावचा रिवाइंडिंगवाला ती भरून देऊ शकेल.

१९९०च्या दशकात ही यंत्रं मळ्यांतून खेड्यांत गेली. गावानं वीज ग्राहकांची सोसायटी काढायची, श्रमदानानं कालवा खणायचा, दर महिन्याला वर्गणी गोळा करायची, आणि यंत्र सांभाळणारा गावचाच पोरगा ठेवायचा. घरटी दोन दिवे, एक रेडिओ, फार तर टीव्ही. अशा शेकडो योजना उभ्या राहिल्या. पेरूतल्या शाखेनं अँडीजमधल्या गावांसाठी फिरत्या कर्जाची जोड देऊन असंच काम केलं आणि त्याला २००७ साली अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं. श्रीलंकेत मात्र पुढे सरकारी तार गावागावांत पोचली, आणि लोकांनी आपल्या ओढ्याकडे पाठ फिरवली. इस्त्री, फ्रिज, मिक्सर चालवायचा तर तारेची वीज हवी. याला अपयश म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. मधली पायरी ही पायरीच असते, तिच्यावर कुणी घर बांधत नाही. पण देणगीदारांच्या अहवालात 'टिकाऊपणा' नावाचा एक रकाना असतो, आणि त्यात हे लिहायला जागा नसते.

चुलींच्या बाबतीत संस्थेचे हात चांगलेच पोळले. सत्तरीच्या अखेरीस सगळ्या जगाला सुधारित चुलीचं वेड लागलं होतं. प्रयोगशाळेत लाकूड वाचायचं आणि स्वयंपाकघरात वाचायचं नाही, कारण प्रयोगशाळेत पाणी उकळत आणि घरात पिठाची घट्ट उगाली घोटत. जे यशस्वी झालं ते केनियातलं सिरॅमिक जिको. कमरेत बारीक, डमरूसारखा पत्रा, आत भाजलेल्या मातीचं अस्तर, कोळशाची बचत डोळ्यांना दिसणारी. अनेक संस्थांचे हात त्याला लागले, त्यांत हिचाही एक. केनियातली मूळ पत्र्याची चूल रेल्वे बांधायला गेलेल्या हिंदी मजुरांनी तिकडे नेली असं सांगतात. म्हणजे जिको ही आपल्या शेगडीची आफ्रिकेतली नात.

पुढे केनियातल्याच काजियादो भागात मासाई बायकांबरोबर काम करताना संस्थेनं क्रम उलटा केला. मासाई घर बुटकं, शेणामातीनं लिंपलेलं, खिडकी नावापुरती. चूल घेऊन जाण्याऐवजी धूर मोजला, आणि आधी बायकांना विचारलं. त्यांना नवी चूल नको होती, धूर जायला वाट हवी होती. मग चुलीवर पत्र्याचं धुराडं आलं. त्याची उंची, तोंड, जागा त्या बायकांनीच ठरवली आणि गावच्या कारागिरांनी ते ठोकून दिलं. धूर लक्षणीय घटला. 'आधी विचारलं' हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. अभियंत्यांच्या संस्थेला तिथवर यायला जवळपास तीस वर्षं लागली.

सुदानमधल्या दारफूरचं उदाहरण लहान आहे, पण मला आवडतं. कबकाबिया भागात गाढवाला ओढता येईल असा हलका नांगर तयार झाला. संस्थेनं नांगर वाटले नाहीत. लोहारांना तो करायला शिकवलं, भंगारातल्या पोलादातून. २००३मध्ये दारफूर पेटलं, २०२३पासून पुन्हा पेटलं आहे. गोदामातले नांगर लुटता येतात. लोहार पळून गेला तरी हातातली विद्या बरोबर घेऊन जातो.

दरम्यान संस्था लंडन सोडून रग्बीच्या परिसरात गेली होती, आणि तिच्या नावाचं ओझं झालं होतं. 'इंटरमीडिएट' या शब्दाचा वास गरीब देशांना कधीच आवडला नव्हता. आम्हाला मधलं आणि तुम्हाला वरचं का, हा सवाल साठीच्या दशकापासून होता, आणि तो रास्त होता. २००५ साली नाव बदललं: प्रॅक्टिकल अ‍ॅक्शन. नव्या नावात तंत्रज्ञान हा शब्दच नाही. जुन्या मंडळींना ते खटकलं असेल, पण कामं पाहिली तर ते नाव बरोबर बसतं.

नेपाळच्या धादिंगसारख्या डोंगराळ जिल्ह्यांत संस्थेनं गुरुत्वाकर्षणावर चालणारे रज्जुमार्ग उभारले. दोन पोलादी तारा, दोन पाळणे, मधे कप्पी. वरच्या गावातून भाजीनं भरलेला पाळणा खाली येतो आणि आपल्या वजनानं खालचा मीठ-तेलाचा पाळणा वर ओढतो. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याच्या साधारण तिप्पट लागतं. इंजिन नाही, डिझेल नाही. पाठीवर डोको, म्हणजे टोपली, घेऊन तासन्‌तास उतरायची वाट मिनिटांत संपते, आणि टोमॅटो चेपत नाहीत. घाटमाथ्यावरून कोकणात डोक्यावर ओझं घेऊन उतरायच्या कितीतरी वाटा आपल्याकडे होत्या. हे वाचताना मला त्या वाटांवरच्या माणसांच्या टाचा आठवल्या.

बांगलादेशात तर यंत्रच नाही. पूर ओसरला की नद्यांच्या पात्रांत वाळूचे मोठाले पट्टे उरतात. ते कुणाचे नसतात, आणि धूप झाल्यानं जमीन गमावलेली कुटुंबं काठाला बसलेली असतात. वाळूत खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत भरायचं आणि लाल भोपळ्याचं बी टोचायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीपात्रात टरबुजा-काकडीच्या वाड्या लावतात, त्यातलाच हा प्रकार. नवी गोष्ट शेतीची नव्हती, हक्काची होती. पुढच्या पुरात हा पट्टा नाहीसा होणार, दुसरीकडे नवा येणार, मग तो कुणी कसायचा? दर वर्षी नव्यानं वाटप, स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी, जमीनदाराशी तडजोड. भोपळा महिनोन्‌महिने टिकतो म्हणून तो निवडला. घरात माळ्यावर ठेवला की पावसाळ्यातली बँक.

त्याच देशातल्या फरीदपूर शहरात संस्था शौचालयांच्या टाक्यांतला मैला उपसणाऱ्या माणसांकडे वळली. ही माणसं रात्री बादली-दोरी घेऊन उतरायची, आणि मैला जवळच्या नाल्यात जायचा. मैला ओढणारी गाडी, तो वाळवून त्यातलं पाणी शुद्ध करणारं केंद्र हा भाग अभियांत्रिकीचा. पण त्या गाडीवर हक्क त्याच माणसांच्या गटाचा राहील की एखादा ठेकेदार तो घेऊन जाईल, ही खरी झुंज होती. ओडिशातल्या ढेंकनाल आणि अनुगुळ या शहरांतही संस्थेनं इतरांबरोबर अशीच केंद्रं उभारायला हात लावला. भूमिगत गटार योजना कधी येईल तेव्हा येईल. तोवर टाकी भरतेच. गटारविरहित शहराला ही मधली पायरी. शूमाखर असता तर त्याला हे चटकन कळलं असतं, आणि वर्ध्याच्या सेवाग्रामातल्यांना तर कधीचंच ठाऊक होतं.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बिनपगारी पॅनेलं केव्हाच मागे पडली. ब्रिटिश सरकार, युरोपीय निधी, मोठ्या फाउंडेशन्स यांच्या प्रकल्पांवर संस्था चालते, आणि प्रकल्प तीन किंवा पाच वर्षांचा असतो. गावची सोसायटी रुळायला दहा वर्षं लागतात. वीस वर्षांचा चरखा मागणारी १९२९ची अट आज एखाद्या अर्जात घातली तर अर्ज बाद होईल.

तरी टिकलेलं एक काम सांगायला हवं. नेपाळच्या तराईत २००२च्या सुमारास संस्थेनं चितवनमध्ये नदीकाठी टेहळणीचे मनोरे उभारले. वर माणूस, हाताशी भोंगा. पाणी चढताना दिसलं की वाजवायचा. पण मनोऱ्यावरून पाणी दिसतं तेव्हा ते दारात आलेलंच असतं. म्हणून जलविज्ञान विभागाबरोबर बसून पुढची मांडणी झाली: कर्णालीसारखी नदी डोंगरातून मैदानात उतरते तिथे, चिसापानीला, पाणी मोजणारा माणूस. तो पट्टीवरचा आकडा वाचतो आणि खालच्या गावांतल्या ठरलेल्या माणसांना फोन करतो. ती माणसं आणखी काहींना. यादी भिंतीवर लावलेली. कुणाचा नंबर बदलला तर खोडून नवा लिहायचा. पुढे पातळी आपोआप मोजणारी उपकरणं आली, एसेमेस आले. तरी ती भिंतीवरची यादी राहिली, कारण पुराच्या रात्री वीज जाते आणि म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी हाका मारून उठवावं लागतं.

हे वाचताना मला कोल्हापूर आठवलं. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेकाठी भेटणारी दोन माणसं आधी एकमेकांना 'जेवलास काय' विचारत नाहीत. विचारतात, "राजारामला किती फूट?" म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती चढलं. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. आणि बेचाळीस म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं, माणसं गोठ्याकडे वळतात.